जुन्या कापसाचा इतिहास

दिवाळीला महिनाभर उरला की आमच्या गावात एक आवाज फिरायला लागायचा. 'टंव्, टंव्, टंव्' असा. मधेच थांबायचा, मग पुन्हा सुरू व्हायचा. शाळेत बाई गणित शिकवत असल्या तरी तो खिडकीतून आत यायचा आणि वर्गातली पोरं वळून माझ्याकडे बघायची. कारण तो आवाज माझ्या वडिलांच्या कमानीचा होता. गावातले लोक तिला धनुकली म्हणत, आम्ही घरात कमान म्हणायचो. माझे वडील पिंजारी होते. लोकांच्या जुन्या गाद्या उसवून आतला कापूस पिंजायचा आणि पुन्हा भरून द्यायचा, हा आमचा पिढीजात धंदा.

ज्यांनी पिंजाऱ्याला काम करताना पाहिलं नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. कमान पुरुषभर लांबीची, लाकडाची. तिला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणून बांधलेली तात, बकऱ्याच्या आतड्यापासून केलेली. उजव्या हातात लाकडी मोगरी. गादी उसवली की आतून जे निघायचं त्याला कापूस म्हणायला जीभ धजत नसे. वर्षानुवर्षं माणसं झोपून झोपून त्याचे दगड झालेले असत. ते आधी उन्हात टाकायचे, हातानं फोडायचे, मग त्या ढिगात तात बुडवून तिच्यावर मोगरीचा ठोका द्यायचा. तात थरथरली की तिला चिकटलेला कापूस तंतू तंतू सुटा होऊन उडायचा. धूळ खाली, कापूस वर. तासाभरात पडवीत ढग उतरल्यासारखं व्हायचं. थोडा कापूस धुळीत जायचा, तेवढा नवा घालावा लागे. बाकी सगळा जुनाच. मग खोळ धुऊन वाळवून तिच्यात तो भरायचा, वरून काठीनं सारखा करायचा आणि दाभणानं टाके घालायचे.

वडील म्हणायचे, ''रुई मरती नहीं बेटा, बैठ जाती है. उसकू उठाना पडता.'' आमच्या धर्मात पुनर्जन्म नाही. पण धंद्यात होता.

जुन्या घरगुती वस्तूंचा पुन्हा वापर, या विषयावर नभोवाणीवर बोलायचं निमंत्रण मला आलं, तेव्हा मी म्हटलं, मी कविता लिहिणारा माणूस, बी. ए.ला मराठी घेतलेला, इतिहासातलं मला काय कळतं? पण नंतर वाटलं, निदान आपल्या बापाच्या धंद्याचा इतिहास तरी शोधून बघावा. तो शोधताना जे हाती लागलं ते सांगतो.

पहिल्यांदा हाती लागला तो एक सुळावरचा माणूस. मन्सूर अल-हल्लाज. 'अनल-हक' म्हणणारा हा सूफी इसवी सन 922 मध्ये बगदादमध्ये मारला गेला. उर्दू शायरीत त्याचं नाव इतक्या वेळा येतं की ते ऐकतच मी मोठा झालो. पण 'हल्लाज' या अरबी शब्दाचा अर्थ पिंजारी, हे मला चाळिशी उलटल्यावर कळलं. उत्तरेतले पिंजारी स्वतःला मन्सूरी म्हणवतात. कर्नाटकात आणि आपल्या सीमाभागात त्यांना नदाफ म्हणतात, आणि नद्दाफ हाही अरबीतला पिंजारीच. राजस्थानातला संत दादू दयाल, जन्म 1544, हाही पिंजारी होता असं परंपरा सांगते. आपला नामदेव शिंपी, कबीर विणकर, दादू पिंजारी. कापूस मोकळा करणारा, कापड विणणारा आणि ते शिवणारा असे तिघेही देवाकडे गेले. गादीवर झोपणाऱ्यांपैकी किती गेले ते मोजायला मी बसलो नाही.

इंग्रजांच्या काळातल्या जिल्हा गॅझेटियरांतही पिंजारी भेटतो. कुठल्या जातीचा, पोशाख काय, लग्नाच्या चाली कशा, हे तिथे साहेबाच्या शिस्तीनं लिहिलेलं असतं. त्यानं उसवलेल्या गादीत काय होतं, ते मात्र कुठे नाही. गादी ही घरातली मोठी खाजगी वस्तू. तिच्यावर माणूस जन्मतो, आजारी पडतो, म्हातारा होतो. त्या गादीचं पोट फाडून आतलं सगळं अंगणात पसरायचा हक्क गावात एकाच परक्या माणसाला होता. ज्या घरांत आमच्यासाठी चहाची कपबशी वेगळी ठेवलेली असे, त्या घरांतल्या गाद्यांमधूनही बकऱ्याच्या आतड्याची तात फिरून गेलेली असे. त्याबद्दल कुणी कधी विचारलं नाही आणि वडिलांनी कधी सांगितलं नाही.

एक प्रसंग सांगतो. मी तेव्हा सहावी-सातवीत असेन. आमच्या मागच्या आळीत एका घरातला तरुण मुलगा तापानं गेला. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. कुणाला तरी देऊन टाकतात, नाहीतर गावाबाहेर टाकतात. त्या मुलाची आई दहाव्या-बाराव्या दिवसानंतर आमच्या दारात आली. बरोबर गडी, गड्याच्या डोक्यावर गादीची वळकटी.

''भाई, सगळे म्हणतात टाकून द्या. मला टाकवत नाही,'' ती म्हणाली.

वडिलांनी गडी माणसाला गादी आत ठेवायला सांगितली. ''वहिनी, आठ दिवसांनी येऊन घेऊन जा,'' एवढंच बोलले. तो कापूस त्यांनी तीन दिवस कडक उन्हात ठेवला. आजचे डॉक्टर याला काय म्हणतील मला ठाऊक नाही. मग दुसरं सगळं काम बाजूला ठेवून तो एकट्यानं पिंजला. आम्हा पोरांना जवळ येऊ दिलं नाही. त्या कापसाची त्यांनी गादी केलीच नाही, दोन उशा केल्या आणि उरलेल्याची एक पातळ दुलई. बाई आली, तिनं उशा हातात घेतल्या. हलक्या लागल्या असाव्यात, कारण तिनं त्या दोनदा वरखाली केल्या. मग तिनं मजुरी विचारली आणि वडिलांनी पुरी मजुरी सांगितली. एक पैसा कमी नाही.

रात्री आई वडिलांवर चिडली. ''ऐसे घर से पैसे लिए?''

वडील म्हणाले, ''नहीं लेता तो खैरात हो जाती. खैरात की चीज कौन छाती से लगाता?''

हे वाक्य मला पुढे कितीतरी वर्षं कळलं नव्हतं. वस्तू दुरुस्त होऊन परत येते ती आपलीच असावी लागते, दानाची असून चालत नाही. मजुरी देऊन ती पुन्हा आपली करून घ्यावी लागते. 'टाकाऊतून टिकाऊ' म्हणून शाळेत आपण जे शिकलो, म्हणजे आइस्क्रीमच्या काड्यांचं घर आणि रिकाम्या बाटलीची फुलदाणी, त्यात आणि या उशांमध्ये हा एक मोठा फरक आहे. तिथे टाकून दिलेल्या वस्तूला कुणीतरी हौसेनं काहीतरी करतं. इथे टाकून द्यायचं नव्हतंच.

पिंजारी एकटा नव्हता. जुन्या वस्तूंची ही मोठी साखळी होती. कल्हईवाला भाता घेऊन पिंपळाखाली बसायचा. तांब्या-पितळेच्या भांड्यात आंबट शिजवलं की ते कळकतं, म्हणून आतून कथलाचा हात द्यायचा. भांडं लाल तापलं की नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठायचा, कथलाची कांडी टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते चटकन सगळीकडे फिरवायचं. तो बोळा आमच्याकडच्या टाकाऊ कापसाचा असे, हे मी अभिमानानं सांगतो. बोहारीण दुपारी यायची, जुने कपडे घेऊन भांडं द्यायची. एका पातेल्यासाठी तिच्याशी तासभर घासाघीस करणाऱ्या बायका पाहिल्या की वाटायचं, संसद म्हणजे असंच काहीतरी असणार. पाट्याला टाकी लावणारा होता, छत्रीवाला होता, सुपं-टोपल्या बांधून देणाऱ्या बायका होत्या. यांतल्या प्रत्येकावर वेगळं बोलता येईल, पण मी कापसाचा माणूस, तेव्हा कापडाकडेच वळतो.

आमच्या घरात कापडाचं काम आईकडे. ती वाकळा शिवायची, आमच्या आणि लोकांच्याही. वाकळ म्हणा, गोधडी म्हणा. खाली-वर जुनी नऊवारी लुगडी, आत फाटक्या कपड्यांचे तुकडे पसरलेले, आणि कडेपासून मधल्या चौकापर्यंत धावदोऱ्याच्या ओळीमागून ओळी. लोक म्हणतात गोधडी मायेनं शिवतात. असेल. पण आईची बोटं मी पाहिली आहेत. एका वाकळेला सुईचे हजारो टाके पडतात आणि जाड कापडातून सुई ओढताना बोटांना घट्टे पडतात. मायेइतकीच ती मजुरीही होती. आपल्याला सोलापुरी, मराठवाडी वाकळ माहीत आहे. कर्नाटकात हल्याळ, यल्लापूरच्या रानात राहणाऱ्या सिद्दी बायका अशाच गोधड्या शिवतात, त्यांना कवंदी म्हणतात. शेकडो वर्षांपूर्वी आफ्रिकेतून इकडे आणलेल्या लोकांचे हे वंशज. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. गोधडी तिघांचीही एकाच रीतीची. चारी कोपऱ्यांवर त्रिकोणी चिंध्यांचं फूल बसवल्याशिवाय ती पुरी झाली असं त्या मानत नाहीत.

आता मी तुम्हाला अडीच हजार वर्षं मागे नेतो. बौद्धांच्या विनयपिटकात, चुल्लवग्गात, एक गोष्ट आहे. कौशांबीचा राजा उदयन. त्याच्या राण्यांनी बुद्धाचा शिष्य आनंद याचा उपदेश ऐकला आणि खूश होऊन त्याला पाचशे वस्त्रं दिली. राजाला राग आला. एका भिक्षूला पाचशे वस्त्रं कशाला? दुकान काढायचं आहे काय? तो आनंदाकडे गेला आणि विचारलं, एवढ्या कपड्यांचं काय करणार? आनंद म्हणाला, ज्या भिक्षूंची चीवरं विरली आहेत त्यांना देणार. मग त्या विरलेल्या चीवरांचं काय करणार? त्यांची अंथरायची चादर. जुन्या चादरींचं? गादीची खोळ. जुन्या खोळींचं? जमिनीवर पसरायचं बसकर. जुन्या बसकराचं? पायपुसणं. जुन्या पायपुसण्याचं? धूळ झटकायचं फडकं. आणि फडकं फाटल्यावर? त्याच्या चिंध्या करून चिखलात मळायच्या आणि त्यानं भिंती-जमिनी लिंपायच्या. राजाचं समाधान झालं आणि त्यानं आणखी पाचशे वस्त्रं दिली.

ही गोष्ट मी पहिल्यांदा वाचली तेव्हा हसू आलं. कारण आनंदाची ही सगळी उत्तरं माझ्या निरक्षर आईला पाठ होती. आमच्या घरात लुगडं विरलं की त्यातला मऊ भाग आधी कुणाच्या तरी बाळंतपणासाठी निघे. बाळाची दुपटी आणि लंगोट नव्या कापडाचे कधी नसत, नवं कापड बाळाला टोचतं. उरलेलं वाकळेला. वाकळ फाटली की तिचे तुकडे बसायला. मग पायपुसणं. मग चुलीवरचं भांडं उतरवायचा मसोता. मग जमीन पुसायचं पोतेरं. शेजारच्या विठ्ठलाच्या देवळात पहाटेच्या आरतीचा काकडा वळायलाही जुनी सुती चिंधी लागे आणि ती बहुतेकदा आमच्या घरून जाई, कारण गावात चिंध्यांचा सर्वात मोठा साठा आमचा. पांडुरंगानं कधी चौकशी केली नसावी.

कापडाचा प्रवास पोतेऱ्यावर किंवा फार तर चिखलात संपतो, असं मला वाटत होतं. तो तिथेही संपत नव्हता, हे मला कागदीपुऱ्यात कळलं.

आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात त्या औरंगाबादेहून खुलताबादला जाताना, दौलताबादचा किल्ला मागे टाकला की कागदीपुरा लागतो. मुहंमद तुघलकानं 1327 मध्ये दिल्लीहून राजधानी दौलताबादेला आणली तेव्हा आलेल्या कारागिरांनी हे गाव वसवलं, असं तिथे सांगतात. हे कारागीर मुसलमान, आडनावच कागदी. जुन्नरलाही कागद करणारे होते, खानदेशात एरंडोललाही. त्यांचा कच्चा माल काय? जुनी गोणपाटं. तुटलेले तागाचे आणि अंबाडीचे दोरखंड. चिंध्या. रद्दी. हे सगळं तोडून चुन्याच्या पाण्यात भिजवायचं, कुटायचं, धुवायचं, पुन्हा कुटायचं. मग हौदातल्या पाण्यात तो लगदा कालवून गवताच्या काड्यांच्या चटईवर पातळ थर उचलायचा, भिंतीला चिकटवून वाळवायचा, खळ लावायची आणि गुळगुळीत दगडानं घोटायचं. घोटला की कागदावरून बोरू सरकतो.

या कागदावर कोण काय लिहीत होतं? पोथ्या लिहिल्या जात होत्या, कुराणाच्या प्रती लिहिल्या जात होत्या, आणि मराठ्यांचं राज्य लिहिलं जात होतं. दौलताबादी आणि जुन्नरी कागदाला मराठेशाहीच्या दफ्तरांत मान होता. मोहिमेची पत्रं, गावांचे जमाखर्च, वतनांचे तंटे, पानिपतावरून आलेल्या बातम्या. शेतकऱ्याच्या विहिरीवर झिजलेला एखादा दोर आणि कुणाच्या तरी कमरेचं विरलेलं लुगडं, यांनी आपला सगळा इतिहास अंगावर घेतला. पेशवे दफ्तरातली कागदांची गाठोडी ज्या कापडात बांधली जातात, त्या गाठोड्याला म्हणतातही 'रुमाल'. पोथीला बांधायच्या कापडाला म्हणतात 'बासन'. एखादी योजना बासनात गुंडाळली असं आजचा वार्ताहर लिहितो, तेव्हा त्याच्या लेखणीतून ते जुनं फडकंच बोलत असतं.

पुढे हे कागदही जुने झाले. राज्य गेलं, वाडे ओस पडले. माळ्यावरच्या पेट्यांतली दफ्तरं वाळवीनं खाल्ली, कितीतरी वाण्याच्या पुड्या बांधायला गेली. म्हणजे चिंधीचा झालेला कागद पुन्हा चिंधी व्हायला निघाला होता. अशा वेळी इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडत लोकांच्या माळ्यांवर चढले. 1898 मध्ये त्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधनें' या मालेचा पहिला खंड काढला, तो पानिपताच्या आधीच्या दशकातल्या पत्रांचा. पुढे असे बावीस खंड निघाले. 1930 पासून गोविंद सखाराम सरदेसाई यांनी पेशवे दफ्तरातले निवडक कागद पंचेचाळीस भागांत छापले. आपण शाळेत जो इतिहास पाठ केला, त्यातला मोठा भाग रद्दी होता होता वाचलेला आहे. त्या कागदांवर कारकुनाचं नाव सापडतं, सरदाराचं सापडतं. कागद ज्यानं केला त्या कागद्याचं नाव शोधत बसलात तर बसूनच राहाल. मला त्याचा राग येत नाही. माझ्या बापाचंही नाव कुठल्या गादीवर नव्हतं.

आता जे सांगायचं ते थोडं अडचणीचं आहे.

ऐंशीच्या दशकात आमच्या गावात कापूस पिंजायचं यंत्र आलं. विजेवर चालणारं, तासाभरात चार-पाच गाद्यांचा कापूस मोकळा करणारं. मग स्पंजाच्या गाद्या आल्या, काथ्याच्या आल्या. स्पंज बसला की बसला, त्याला उठवता येत नाही. वडिलांचं काम कमी कमी होत गेलं, पण तोवर कापसाच्या धुळीनं त्यांची छाती धरलेली होती. शेवटची दहा वर्षं ते बसूनच झोपायचे. त्या धंद्याबद्दल आज मी हळवं बोलतो आहे खरा, पण त्यानं माझ्या बापाचा श्वास नेला हेही त्याच दमात सांगायला हवं. मी पिंजारी झालो नाही, नोकरी धरली, हे त्यांच्याच सांगण्यावरून.

ते गेल्यावर कमान बरीच वर्षं आमच्या आढ्याला टांगलेली होती. तात कधीच तुटली होती. 2004 साली जुन्या वस्तू विकत घेणारा एक माणूस गावात आला. वाड्यांची दारं, कोरीव खांब, पितळी समया, अडकित्ते, असलं सगळं तो टेम्पोत भरून नेत होता. त्यानं कमान पाहिली आणि किंमत बोलला. ती किंमत वडिलांच्या महिन्याच्या कमाईहून जास्त होती. घरात तेव्हा पैशाची नड होती असं मी स्वतःला सांगतो. नड होती, पण तेवढी नव्हती. मी ती दिली. आई आतल्या खोलीत होती. ती बाहेर आली नाही, काही बोलली नाही. रात्री फक्त आढ्याकडे बघून म्हणाली, ''खिळा तसाच राहू दे.''

सात वर्षांनी हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात मित्रांबरोबर जेवायला थांबलो होतो. गावरान जेवण, कंदील, बैलगाडीचं चाक भिंतीला. आणि त्या चाकाशेजारी एक कमान. उलटी टांगलेली. तात म्हणून तिला नायलॉनची दोरी बांधली होती आणि दोरीवर चिमट्यांनी जेवणाचे दरपत्रक अडकवले होते. ती आमचीच होती का, ते सांगता येत नाही. सगळ्या कमानी एकसारख्याच दिसतात. मी उठून जवळ गेलो, हात लावून पाहिला, तेवढ्यात पोऱ्यानं विचारलं, ''साहेब, ते काय आहे माहितीये का? तंबोरा आहे जुना.''

मला वाटलं, हिचा दुसरा जन्म हाच का? वस्तू शिल्लक आहे, काम गेलं, नावही गेलं. याहून ती चुलीत गेली असती तर निदान भाकरी भाजली असती. हे माझं मत जरा कडू आहे, मला ठाऊक आहे. म्हणून त्याच्याशेजारी दुसरी एक गोष्ट ठेवतो.

पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. ते उभं करणारे दिनकर गंगाधर केळकर हे कवी होते, 'अज्ञातवासी' या नावानं कविता लिहायचे. जन्म 1896चा. त्यांचा राजा नावाचा मुलगा लहानपणीच गेला आणि संग्रहालयाला त्यांनी त्याचं नाव दिलं. दिवे, अडकित्ते, पानदानं, स्वयंपाकाची भांडी, वज्री, दौती, खेळणी, दरवाजे, असं साध्या संसारातलं सामान ते आयुष्यभर दारोदार जाऊन जमवत राहिले. कोथरूडमधला मस्तानी महाल उतरवून त्यांनी तो संग्रहालयात पुन्हा उभा केला. 1975 मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. 1990 मध्ये ते गेले. मी ते संग्रहालय पहिल्यांदा पाहिलं ते कॉलेजात असताना आणि एका दिव्यासमोर बराच वेळ थांबलो. तो दिवा आता कुणाच्या देवघरात जळणार नव्हता. पण त्याच्याखाली तो दिवा आहे असं लिहिलेलं होतं. भिंतीवर टांगलेली वस्तू मेलेलीच असते असं म्हणणं बरोबर नाही, हे मला तिथे पटतं. हॉटेलात गेलो की पुन्हा पटेनासं होतं. दोन्ही मतं मी बाळगून आहे. कवीला तेवढी सवलत असावी.

आई जाऊन आता सहा वर्षं झाली. तिच्या हातची एकच वाकळ उरली होती. वरचं लुगडं जागोजाग विरलेलं, कडा गेलेल्या. पुण्यात राहणारी माझी मुलगी म्हणाली, ''अब्बा, तिला चौकट करून भिंतीवर लावू या.'' मी हो-नाही काही बोललो नाही. भिंत म्हटलं की मला तो चिमट्यांनी अडकवलेला दरपत्रक आठवतो. मग मुलीलाच दिवस गेले आणि सगळा प्रश्न बायकोनं आपल्या हातात घेतला. तिनं एका दुपारी वाकळ उसवायला काढली. मी घरी नव्हतो, असतो तर कदाचित अडवलं असतं.

आत काय काय निघालं! माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचे तुकडे, बहिणीचा फुलाफुलांचा झगा, वडिलांच्या सदऱ्याची पाठ. आणि सगळ्यांत आतला थर म्हणजे एक अख्खं इरकली लुगडं, हिरवं, लाल काठाचं. आमच्या घरात इरकली कुणी कधी नेसलं नव्हतं. कुणी दिलं, कधी दिलं, आईनं ते तुकडे न करता तसंच आत का घातलं, हे सांगायला आता कोणी नाही. चाळीसेक वर्षं आत राहून ते असं मऊ झालं होतं की बायकोनं गालाला लावून पाहिलं. त्याची पाच दुपटी झाली. नातू त्यातच गुंडाळून घरी आला.

बाकीच्या तुकड्यांची पायपुसणी झाली, एकाचा मसोता झाला. आनंदानं राजाला सांगितलं होतं तसंच. वडिलांच्या सदऱ्याची पाठ तेवढी मी बायकोला न विचारता बाजूला काढून ठेवली. चौकोनी तुकडा आहे, हात-दीड हात लांबीचा. माझ्या कवितांच्या वह्या मी त्यात बांधून कपाटात ठेवतो. कापसाचं कापड आहे, म्हणून पावसाळ्याआधी एकदा सोडून उन्हात टाकतो. अजून वाळवी लागलेली नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)